बरोबर चाललेलं घड्याळ

बुधवार, ८ तारीख, दुपार

धाकट्या,

खूप आशीर्वाद. अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. सोमवारी माझं पोटाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. दुर्बिणीतून करतात हल्ली. पोटावर चार बारीक भोकं, त्यांवर चार पट्ट्या, संपलं. तुझी वहिनी भेटायला येईल त्याला सांगते, "कित्ती पटकन झालं!" दोन चमचे सूप पोटात गेलं की टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी ठेवते.

सर्जन आधी म्हणाले होते, चार-पाच तास लागतील, जठराचा मोठा भाग काढावा लागेल. आत नेलं तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. शुद्धीवर आलो, तर भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं. मी नर्सला म्हणालो, "बाई, तुमचं घड्याळ मागे पडलंय. खाली काढून द्या, मी बघतो." ती हसली आणि मध्येच थांबली. मी तिच्या मनगटाकडे पाहिलं. तिथंही दहा वीसच.

जन्म गेला घड्याळं दुरुस्त करण्यात, आणि बरोबर चाललेल्या घड्याळावर आळ घेतला बघ.

आठवतं ना, आत सगळीकडे गंज दिसला की आपण कशालाही हात न लावता झाकण बसवायचो? गिऱ्हाईकाला म्हणायचो, "चालतंय तोवर वापरा." काल सर्जन म्हणाले, "आता आवडेल ते खा." बोलण्याची ती तऱ्हा माझ्या ओळखीची होती. पुढे काही विचारलं नाही. वहिनी दाराबाहेर त्यांच्याशी बोलते आणि तोंड धुऊन आत येते. तिला वाटतं मला कळलेलं नाही. मीही तसंच दाखवतो.

खरं सांगू? मला भीती वाटते. तिच्यासमोर घाबरायची सोय नाही.

अकरा वर्षांपूर्वी त्या दिवशी गिऱ्हाईकासमोर तुला म्हणालो, "तुझा हात जड आहे." ती स्प्रिंग माझ्या हातून तुटली होती. तू दुकानातून उतरलास, तो परत चढला नाहीस. अकरा वर्षं हे गिळून बसलोय.

पत्र भाचीच्या हाती देतोय. दुकानातल्या मोठ्या घड्याळाला रविवारी चावी दिली आहे, ती आठ दिवस पुरते. या रविवारी तू येऊन दे. नंतरही तूच देत जा. वहिनीला म्हण, घड्याळासाठी आलोय. ‘पटकन झालं’ हे मला पटलंय, असंच तिला वाटू दे.

चालतोय तोवर तुझाच,
दादा