बदकांचं रक्त

४ मार्च
चि. छोटीस,
अ. आ.
तू प्रयोगशाळेत रक्त तपासतेस, म्हणून तुलाच विचारतो. मागच्या आठवड्यात आमच्या बदकांचं रक्त नेलं, परवा कागद आला: बर्ड फ्लू. काल पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली आणि दुपारपर्यंत सहाशे बदकं संपली. एकही आजारी दिसत नव्हतं गं. तुझ्या वहिनीने पिल्लं घरात दिव्याखाली ठेवून वाढवली होती. निदान एका पायाने अधू असलेल्या लंगडी बदकीला तरी सोडा म्हणाली. अधिकारी भला माणूस, पण म्हणाला, नियम म्हणजे नियम. तेव्हापासून ती बोलत नाही.
कागदावर नमुना क्रमांक ३१४ आहे. काही चूक तर नाही ना, एवढं बघ. आणि वेळेवर जेवत जा, काडी झालीयेस नुसती.
तुझा दादा

१९ मार्च
ती. दादास,
सा. न. वि. वि.
उशीर झाला, लिहायचा धीर होत नव्हता. आमच्याकडे नमुन्यांवर आकडे असतात, नावं नसतात. ३१४ मीच तपासला. खालची सही माझी आहे.
उरलेलं रक्त पुन्हा तपासलं. बदकांच्या रक्तात एक निरुपद्रवी घटक असतो. आमची चाचणी कोंबड्यांसाठी बेतलेली, ती त्यालाच रोगाची खूण समजते. तो आधी काढून टाकला तर निकाल बदलतो. तीनदा करून पाहिलं. तुझी बदकं निरोगी होती, दादा. मला तेव्हाच शंका आली होती, पण साहेबांनी घाई केली आणि मी गप्प बसले.
सगळं लेखी दिलंय, माझ्या चुकीसकट. यापुढे बदकांचं रक्त आधी साफ करूनच तपासायचं ठरलंय. वहिनीला तूच सांग. लोभ असावा, असं कुठल्या तोंडाने लिहू?
तुझी छोटी

२ एप्रिल
चि. छोटीस,
अ. आ.
पत्र वाचलं आणि रिकाम्या शेडमध्ये जाऊन बसलो. राग आला, खोटं कशाला बोलू. मग तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. महिन्याभरात ती पहिल्यांदा बोलली. म्हणाली, म्हणजे माझ्या हातून त्यांच्या पोटात काही वाईट गेलं नव्हतं तर. इतके दिवस ती स्वतःलाच बोल लावत होती. खूप रडली. नंतर तुझ्यावर चिडली, इतक्यात येऊ नकोस म्हणून कळवायला सांगितलंय.
शेजारणीच्या बदकांचं रक्त काल तुमच्याकडे गेलंय. तिचं तरी नीट बघ.
पत्र टाकत जा, मी वाचेन. यायचं कधी ते तुझी वहिनी ठरवेल, मी मध्ये पडणार नाही.
तुझा दादा