क्राऊन-पिनियन आणि इब्राहिममिस्त्रींचे कान

सोम., १६ नोव्हेंबर १९६४. शिरूर.
गाडीने अखेर मान टाकली. न्हावऱ्याचं बाळंतपण उरकून परत येत होतो, मागच्या आसातून कडाड्‌ असा आवाज, मग नुसती घरघर. इंजिन चालू, गाडी जागच्या जागी. बैलजोडी लावून गावात आणली. रस्त्यात एक म्हातारा विचारतो, "डाक्टर, आज पेशंट कोण म्हनायचा?" हसलो. आतून संतापलो होतो.
इथल्या फिटरने आस उघडून दाखवला. पिनियनचे, म्हणजे लहान दातेरी चाकाचे, निम्मे दात उडालेले, मोठ्या क्राऊनचे पाच. म्हणजे इंजिनाची ताकद आडवी वळवून चाकांना देणारी जोडीच गेली. म्हणतो गाडी भंगारात द्या. त्यालाच द्यावा भंगारात.

गुरु., १९.
पुण्याच्या जुन्या बाजारातून जोडी मिळाली. वापरलेली, पण दात शाबूत. आता बसवणार कोण? बोल्ट आवळण्याचं काम नव्हे हे. केसभर चुकलं तर आस रडत राहतो आणि महिन्याभरात स्वतःलाच खातो.
पुण्याचं मोठं गॅरेज दीड महिना घेणार. नाहीतर दौंडचे इब्राहिममिस्त्री (पुढे इ.मि.). एके काळी नगरपासून गाड्या यायच्या त्यांच्याकडे. आता सगळे सांगतात, नका देऊ. ऐकू येत नाही, आस शांत आहे की रडतोय हे त्यांना कसं कळणार! पावसाळ्यापासून त्यांच्या शेडमध्ये एक गाडी नाही म्हणे. शेड बंद करून सोलापूरला मुलाकडे जायचं चाललंय. मनातून जायचं नाही.
त्यांचे कान मी पाहिलेत. दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात आले होते. रेल्वेच्या लोको शेडात चौदा वर्षं बॉयलरच्या पोटात बसून हातोडे मारलेला माणूस. बॅटरीने दोन्ही कान बघितले, सांगितलं, शेडातले कान, नस मेली, इलाज नाही. पाच मिनिटांत मोकळा झालो.
गाडी त्यांनाच देतोय. सौ. म्हणाली, कीव येते म्हणून का? मी म्हटलं, दीड महिना कोण थांबणार. खरं आहे, पण अर्धंच.

शनि., २१. दौंड.
ट्रकमागे बांधून गाडी पोचवली. इ.मि. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, मेंदी लावलेली दाढी. गळ्यात दोरीने पाटी. आपण लिहायचं, ते बोलणार. बोलतात अगदी हळू, मलाच कान पुढे करावा लागतो.
जोडी हातात घेऊन आधी पुसली, मग दोन्हींवर ठोकलेले आकडे उन्हात धरून पाहिले. दोन्हींवर एकच आकडा. "जोडीचीच हाय. फारकत झाल्याली न्हाई," म्हणाले. आकडे वेगळे निघाले असते तर हात लावणार नव्हते. बाजारात आकडा बघायचा असतो हे मला ठाऊकही नव्हतं!
जाताना सांगितलं, सोमवारी येताना शेंदूर आणा, दौंडातल्या शेंदरात वीटकर असते. शिरूरहून शेंदूर. बरं.

सोम., २३.
आज आमची शोभा झाली. सौ.ने शेंदूर देवळातल्यासारखाच तेलात घट्ट कालवून डबीत भरून दिला होता. इ.मि. हात धुवायला गेले तेवढ्यात मी मोठ्या हौसेने क्राऊनला फासून ठेवला. ते आले, बघत राहिले. रागावतील वाटलं.
"डाक्टर, ह्यो मारुतराया न्हाई," म्हणाले, "दाताला निस्ता वास लागाया पायजे."
प्रायश्चित्त म्हणून सदतीस दात रॉकेलने मीच पुसले. हलीमाबी (त्यांची बायको) चहा देताना तोंडाला पदर लावून हसत होती.
मग त्यांनी करून दाखवलं. चिमूटभर शेंदूर, पातळ तेल, बोटाने नुसता हात फिरवल्यासारखा. पिनियन फिरवला. दोन दात जिथे एकमेकांना भिडतात तिथला शेंदूर निघून जातो, त्याचा ठसा उमटतो. ठसा दाताच्या मधोमध हवा. कडेला गेला की दात मोडणार, टोकाला गेला की रडणार. आमचा टोकाला होता. सगळं परत उघडलं.

बुध., २५.
सकाळचा दवाखाना आटोपून यष्टीने दौंड. रोजचंच झालंय. सौ.ला वाटतं मला व्यसन लागलं. लागलंय.
पिनियनमागे पितळेची पातळ चकती, शिम म्हणतात, घालायची. ती घातली की पिनियन तेवढा आत सरकतो. बसवायचं, आवळायचं, शेंदूर, ठसा. मग क्राऊन बाजूला सरकवून दोन दातांत पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवायची. ती ठेवली की ठसा परत हलतो. परत उघडा. आज चार वेळा. चिडचिड नाही, घाई नाही. पिनियन हाताने फिरवून बघतात तेव्हा डोळे मिटतात. मी विचारलं (पाटीवर), किती घट्ट हवा? म्हणाले, सांगता आलं असतं तर सांगितलं असतं.
मी जीभ बघतो, नाडी धरतो, औषध लिहितो, पुढचा पेशंट. चार वेळा उघडून बघायची तयारी माझ्यात कधी होती? खरंच आठवत नाही.

शुक्र., २७.
ठसा मधोमध. लांबट, जोंधळ्याच्या दाण्याएवढा, प्रत्येक दातावर तसाच. टाळी वाजवावीशी वाटली. त्यांनी फक्त कापडाने हात पुसले. आज नमाजाला जायचं होतं. चालवून बघणं रविवारी.

रवि., २९.
सगळं नीट लिहून ठेवलं पाहिजे.
मागची चाकं उचलून ठोकळ्यांवर. मी आत बसून ॲक्सिलरेटरवर. चाकं हवेत फिरतायत. आवाज काही नाही, मला तर मख्खनासारखं वाटलं. मी खिडकीतून मान हलवली, झक्क. त्यांनी हाताने थांब म्हणून खूण केली. कोपऱ्यातून बाभळीची सोललेली काडी घेतली, हातभर. एक टोक आसाच्या पोटावर टेकवलं, दुसरं दातांत धरलं. डोळे मिटले.
"पाय द्या... काढा... द्या."
काडी काढून म्हणाले, "जोडी गाती अजून. बारीक. पाय दिल्यावरच."
मला पटेना. खाली उतरलो, त्यांना ॲक्सिलरेटरवर बसवलं, स्टेथोस्कोप आसाला लावला. आहे! डासासारखी बारीक शीळ. पाय काढला की बंद. माझ्या चांगल्या कानांना जे ऐकू आलं नव्हतं ते ह्या बहिऱ्या माणसाने दातांनी ऐकलं. कौतुकाने त्यांचा हातच धरला मी.
आणि तेवढ्यात लक्षात आलं. नस मेलेली असती तर काडीतूनही काही ऐकू आलं नसतं. आवाज हाडातून आत पोचतोय. म्हणजे नस जिवंत आहे. अडथळा अलीकडे कुठेतरी आहे.
आणि ते हळू बोलतात. नस गेलेला माणूस ओरडतो, त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. हे तर कॉलेजात पहिल्या वर्गात घोकलेलं. दोन वर्षांपूर्वी ते माझ्या समोर बसून हळू बोलत होते, आणि मी बॉयलर ऐकला, माणूस ऐकला नाही. दौंडच्या लोको शेडातले सगळेच बहिरे, हे आमच्या तालुक्यात म्हणीसारखं झालंय, मीही तेच धरून चाललो.
त्यांना न सांगताच संध्याकाळच्या यष्टीने परत.

सोम., ३०. शिरूर.
जेवण गेलं नाही. सौ.ला सांगितलं. म्हणाली, मग उद्या जाऊन त्यांनाही सांगा. एवढंच. कपाटातून कान तपासायचा ट्यूनिंग फोर्क शोधून काढला, धूळ होती त्यावर.

मंगळ., १ डिसेंबर. दौंड.
फोर्क वाजवून कानापुढे धरला, हाताने नाही म्हणाले. कानामागच्या हाडावर टेकवला. चेहराच बदलला. "ह्ये वाजतंय की," म्हणाले. उजवा, डावा, दोन्हीकडे तेच. तीन वेळा करून पाहिलं. मग चौथ्यांदा.
पाटीवर लिहिलं: दोन वर्षांपूर्वी मी न तपासता सांगितलं. माझी चूक. मुंबईत कानातलं एक बारीक हाड काढून दुसरं बसवतात. तुम्हाला ऐकू येऊ शकेल. नक्की नाही.
त्यांनी वाचलं. हलीमाबीला हळूच वाचून दाखवलं, ती रडायला लागली. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. पाटी बाजूला ठेवली, उठले, आस उघडायला बसले. पितळेच्या पत्र्यातून नवी शिम कापली, कागदापेक्षा पातळ.

गुरु., ३.
शीळ गेली. स्टेथोस्कोपने गेली, काडीनेही गेली. त्यांना शेजारी बसवून केडगावपर्यंत जाऊन आलो. चाळीसला धरली तरी मागे शांत. स्टेशनपाशी दोन ट्रकवाले उभे होते. एकाने मला गाडी पुढेमागे करायला लावून मागच्या चाकाशी कान देऊन ऐकलं, आणि न विचारता आपला ट्रक सोमवारी आणतो म्हणाला. इ.मि.ना ते ऐकू आलं नाही. मी पाटीवर लिहिलं. वाचून पाटी हलीमाबीला दाखवायला घरी नेली, पुसू दिली नाही.

बुध., ९.
मुंबईच्या सर्जनना पत्र टाकलं होतं, उत्तर आलं. घेऊन या, तपासू म्हणतात. गाडी घेऊन दौंडला गेलो, वाटेत दर मैलाला उगाच कान देत होतो. ट्रकचा आस उघडून पडलेला, शेंदराची डबी शेजारी.
पत्र वाचलं त्यांनी. दोनदा. मग काडी उचलून माझ्यासमोर धरली.
"कान नव्हतं म्हनून हात आन्‌ दात ऐकाया शिकलं. कान आल्यावर त्ये ऐकायचं सोडत्याल का, डाक्टर? त्येवढं सांगा आधी."
काहीतरी धीराचं लिहायला खडू उचलला होता. मग जे खरं तेच लिहिलं: माहीत नाही.
मुंबईचं शुक्रवारी नमाजानंतर सांगतो म्हणाले.