दादांच्या रेघांवर रेशनची रांग

झरी, ता. परभणी

आदरणीय धुरपता आत्या,

सविनय जय भीम. गुडघा कसा आहे? तुमचा फोन लागत नाही (रिचार्ज संपला असेल, असं मी स्वतःला समजावतो), म्हणून पोस्टाने लिहितो. वाचून झालं की हात साबणाने धुवा.

दादांचं, तुमच्या भावाचं, सांगतो. कंपवातात रोज चाललं नाही तर अंग आखडत जातं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लॉकडाऊनआधी ते रोज स्टँडवर एसट्या बघायला चालत जायचे (रिटायर झाले तरी कंडक्टरच). एसट्या बंद झाल्या, तसे दादाही बंद झाले. उंबऱ्यापाशी पाय चिकटल्यासारखे थांबतात. "चला" म्हटलं की खेकसतात, "कुठं जाऊ? गाडी हाय का?"

डॉक्टर फोनवर म्हणाले, जमिनीवर आडव्या रेघा आखा, रेघ ओलांडायची म्हटली की पाय उचलतो. मी दोरी लावून उंबऱ्यापासून लिंबाच्या झाडापर्यंत चुन्याच्या रेघा मारल्या. रेशन दुकानापुढं माणसांना लांब लांब उभं करायला अशाच रेघा आहेत, हे माझ्या ध्यानात आलं नाही. सकाळी दार उघडलं तर रेघारेघांवर माणसं, हातात पिशव्या. त्यात माझ्या रेघा पावलापावलावर, म्हणून सगळे एकमेकांना खेटून. इथं काही मिळत नाही म्हणालो, तर पहिल्या रेघेवरच्या रुख्मिणीकाकू म्हणाल्या, "लपवायलास का रे? आमी काय फुकट मागायलाव?"

गलका ऐकून दादा आले. उंबरा कधी ओलांडला, कळलंच नाही. जन्मभर "पुढं सरका" म्हणणारा माणूस "मागं सरका, मागं सरका" म्हणत झाडापर्यंत गेला आणि परतही आला.

दुसऱ्या दिवशी रांग नव्हती. दादा उंबऱ्यावरच थांबले. तेव्हापासून मी शेजाऱ्यांना हात जोडून, हातात रिकाम्या पिशव्या देऊन उभं करतो (मास्क लावून आणि अंतर सोडून, मी स्वतः तपासतो).

तुमचा भाचा,
सिद्धोधन

ता. क. पेरणी आली, शेजारी कंटाळले. काकूंनी तर कालपासून यायचं बंद केलं. इकडं येणारी कुणाची गाडी मिळाली, तर पिशवी घेऊन रांगेत उभं राहायला याल का? दादांना यातलं काही बोलू नका.

पुन्हा ता. क. दादांनी पत्र वाचलं. म्हणाले, "पिशव्या रिकाम्या हायत, मला दिसत न्हाई का? पण तू लय घाबरतूस, म्हणून जातो." मग म्हणाले, "धुरपताला मात्र बोलव. ती लाईन मोडल्याबिगर राहायची न्हाई, मला काम तरी मिळंल."