हातपंप पाण्याखाली होता

वेस्ट मांबलम, चेन्नई
७ ऑगस्ट

ती. स्व. मानाजीकाकांस, कृष्णवेणीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि काकूंनी तळून पाठवलेले वडाम, तांदळाचे सांडगे, पोचले. वडाम खुसखुशीत, पत्र त्याहून कडक! छापण्याआधी दुसऱ्या शास्त्रज्ञांचे लेख मी तपासते आणि शेऱ्याखाली नाव घालत नाही, हे तुम्हाला रुचलं नाही. तालुका कचेरीत तुम्ही निनावी अर्ज केराच्या टोपलीत टाकायचात, हे मी लहानपणापासून ऐकते आहे. पण काका, आमच्याकडे रीतच तशी आहे. लहानाला मोठ्याची चूक दाखवता यावी, म्हणून नाव झाकतात.

या वेळी माणूस फारच मोठा आहे. कोण ते विचारू नका. अंबत्तूरच्या एका हातपंपाचं पाणी दहा दिवस रोज सकाळी काढून तपासलं आणि ते पिण्याजोगं निघालं, असा त्यांचा लेख आहे. त्या दहा दिवसांत चेन्नईच्या पुरातला पाच डिसेंबरही आहे. आणि पंप तुमच्या हरिणीच्या घरासमोरचाच. तुम्ही तेव्हा लेकीकडेच होतात, आठवतं ना?

ऑक्टोबरात माझ्या कायम नोकरीची मुलाखत आहे. समितीवर हेच गृहस्थ आहेत. संपादकांना मी तसं कळवलं, तर ते म्हणाले, तुम्हीच तपासा.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.
तुमची कृष्णवेणी


तंजावर
१६ ऑगस्ट

चि. कृष्णवेणीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचता वाचता पेल्यातली कापी निवून गेली. मागे लिहिलं ते सगळं विसर आणि नाव मुळीच घालू नकोस. खरं तर वेळ नाही म्हणून लेखच परत कर. सहा वर्षं हंगामी नोकरीत काढलीस. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. तुझे वडील असते तर मी गप्प बसलो असतो, पण ते नाहीत, म्हणून मला धास्ती वाटते. काकू विचारते, मुलाखतीला नेसायला तिची मोरपंखी साडी पाठवू का.

या म्हाताऱ्याचं एवढं ऐक.
मानाजीकाका


वेस्ट मांबलम
२४ ऑगस्ट

ती. स्व. काकांस सा. न. वि. वि.

नाही ऐकलं. मी लेख परत केला तर तो कुठल्या दूरच्या माणसाकडे जाईल आणि पाच डिसेंबर ही त्याला नुसती तारीख वाटेल. पाण्याची लॉरी आली नाही की त्या गल्लीतल्या बायका याच पंपावर घागरी भरतात. पाणी वाईट आहे, असं मी म्हणत नाही. त्या दिवशी ते कुणी काढलंच नाही, एवढंच म्हणते.

आता हे मला कसं ठाऊक, तेही सांगावं लागतं. हरिणीनं त्याच दिवशी गच्चीतून काढलेला फोटो जोडला. त्यात पंपाची नुसती मूठ वर दिसते, आणि शेजारी कमरेएवढ्या पाण्यात, तुमच्या साखरेच्या आजाराच्या गोळ्या डोक्यावर धरून मी उभी आहे! मग झाकायचं काय उरलं? खाली पूर्ण नाव घातलं. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण तुमच्याच घरात वाढले ना.

साडी मात्र नक्की पाठवा. नमस्कार दोघांनाही.
कृष्णवेणी


तंजावर
३ नोव्हेंबर

चि. कृष्णवेणीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. लेख नाकारला गेला आणि नोकरी दुसऱ्याला मिळाली, हे दोन्ही तू एकाच ओळीत लिहिलंस. काकू रडली. मीही रडलो, मग मला त्या माणसाचा भयंकर राग आला. मोरपंखी साडी तुझ्याकडेच राहू दे, पुढच्या मुलाखतीला नेस. मी घाबरलो होतो, त्याची लाज वाटते.

सोबत एक कागद जोडला आहे. पाच डिसेंबरला दिवसभर मी त्या गच्चीत होतो, पंप पाण्याखाली होता, तिथे पाणी काढायला कुणीही आलं नाही, असं लिहून पूर्ण नाव, पत्ता आणि सही केली आहे. तो संपादकांना पाठव. त्यांच्याकडे अशी रीत नाही, असं तू म्हणशील. तरी पाठव. तुझं नाव तिथे एकटं नको.

तुझा,
मानाजीकाका