आमेनच्या आधीची ओळ

पपा, मेलेल्या माणसाशी बोलायचं नाही ही तुमचीच शिकवण, आणि बघा, मी तुम्हाला पत्र लिहायला बसले आहे. शेजारच्या कॅथलिक घरात फोटोपुढे मेणबत्ती लावलेली दिसली तरी तुम्ही मान वळवायचात. म्हणायचात, "गेलेला माणूस प्रभूपाशी आहे, त्याला तुमच्या मेणबत्तीचं काय?" मम्मी गेली तेव्हा मी शाळेत होते, उशीत तोंड खुपसून तिच्याशी बोलायची. तुम्ही दारातून ऐकलंत आणि म्हणालात, "जे सांगायचं ते देवाला सांग, तो सांगेल तिला." मला काही ते पटलं नव्हतं. आपल्याच आईशी बोलायला मध्ये दुसरं कुणी कशाला, असं वाटायचं. आता मी तुम्ही गेलात त्या वयाच्याही पुढे आले आहे, गुडघे वाजतात, चष्म्याशिवाय सुई ओवता येत नाही. तेव्हा ओरडायचं असेल तर जरा जपून ओरडा.

देहूरोडच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर मला अजून कोपरा न् कोपरा आठवतं. रविवारी तुम्ही उठून आधी मटण शिजत टाकायचात, स्टोव्ह बारीक करायचात आणि मग कोट चढवायचात. पाळकसाहेबांकडे इतकी गावं, की आपल्याकडे ते महिन्यातून एखाद्या रविवारी यायचे. बाकीच्या रविवारी उपदेश तुम्हीच वाचायचात. डेपोत स्टोअर सांभाळणारा माणूस वेदीपाशी उभा राहिला की आवाज कसा बदलायचा तुमचा! संध्याकाळची प्रार्थना मात्र स्वयंपाकघरातच. भात करपू नये म्हणून तुम्ही एक डोळा उघडा ठेवायचात, हे मला माहीत होतं, कारण माझाही एक उघडा असायचा. फळीवर ती पितळेची वाटी. मी तान्ही असताना ताप उतरेना, पोर हाती लागत नाही म्हणून तुम्ही पाळकसाहेबांना सायकलवर डबलसीट घेऊन आलात आणि त्यांनी त्या वाटीत पाणी घेऊन मला बाप्तिस्मा दिला. पुढे त्याच वाटीत दही लागायचं. मी हट्टाला पेटले की तुम्ही वाटी दाखवायचात आणि म्हणायचात, "ह्या एवढ्या पाण्यात तुला देवाच्या हवाली केलंय. आता माझं तुझ्यावर काही चालत नाही."

आणि खरंच चाललं नाही. मी प्रोटेस्टंट घरातली, आणि लग्न ठरवलं लोणावळ्याच्या कॅथलिक मुलाशी. तुम्ही नाही म्हणाला नाहीत, फक्त म्हणालात, "लग्नाला येईन, पण त्यांच्या चर्चमध्ये पाऊल टाकणार नाही." आणि टाकलं नाहीत. नवा सूट घालून तुम्ही बाहेर कट्ट्यावर बसलात, मांडीवर सगळ्यांच्या छत्र्या. आत मी घामाघूम. कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे, काही कळेना. यांच्या कोपराच्या खुणेवर माझं सगळं चाललेलं. मग प्रभूची प्रार्थना सुरू झाली आणि माझ्या जिवात जीव आला. एवढी एक गोष्ट मला येत होती ना! मी खणखणीत आवाजात म्हणायला लागले. 'वाइटापासून सोडव' म्हणून झालं आणि सगळं चर्च गप्प. आपल्यात पुढे एक ओळ असते, राज्य, सामर्थ्य, गौरव तुझंच अशी. त्यांच्यात तिथे थांबतात, मध्ये फादर काहीतरी म्हणतात. मला काय ठाऊक! भर मिस्सामध्ये, त्यांच्या उपासनेत, डोक्यावर पदर घेतलेली नवरी, ती ओळ एकटीच म्हणत सुटले. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाहेर आले तर तुम्ही छत्र्या वाटत होता. माझ्याकडे न बघता म्हणालात, "बाहेरपर्यंत ऐकू आलं." आणि थोड्या वेळाने म्हणालात, "पूर्ण म्हणालीस. बरं केलंस." लग्नात तुम्ही मला कुकर दिलात, पण माझ्या हिशेबी खरा आहेर म्हणजे ते 'बरं केलंस'.

मग आमच्या घरात रोज संध्याकाळी तीच गंमत व्हायची. हे त्यांच्या जागी थांबायचे, मी पुढची ओळ म्हणायची, मग दोघांनी मिळून आमेन. "झालं का तुझं शेपूट?" असं चिडवायचे. पण थांबायचे हो. इतक्या वर्षांत एकदाही माझ्या आधी आमेन म्हणाले नाहीत, भांडण झालं असलं तरी नाही. मी कधी त्यांच्या मरियेपुढे उभी राहिले नाही, त्यांनी कधी उभी कर म्हटलं नाही. सणाला दोन्हीकडे जायचो आणि दोन्हीकडे पाहुणे असल्यासारखे मागे बसायचो. तुम्हाला अर्धांगाचा झटका आला तेव्हा तुम्ही आमच्याकडे राहायला आलात. तुमची दाढी हे करायचे, तुम्हाला आठवतंय? तुम्ही जावयाकडून करून घ्यायला लाजायचात आणि गाल मात्र पुढे करायचात. शेवटच्या दिवसांत जीभ जड झालेली. एका संध्याकाळी तुम्ही प्रार्थना सुरू केलीत, ओठ हलत होते, 'वाइटापासून' पर्यंत आलात आणि पुढे शब्द फुटेना. मी भाकरी थापत होते, हात पिठाचे. मी उठायच्या आत यांनी तुमचा हात धरला आणि ती ओळ म्हणून टाकली. आपली ओळ. अगदी तुमच्या चालीवर, सावकाश. मी तव्यावरची भाकरी विसरले, ती जळली. तुम्ही डोळे मिटलेलेच ठेवलेत. तुम्हाला कळलं होतं का पपा, कोण म्हणालं ते? हे मला विचारायचं राहून गेलं आणि यांनाही विचारायचं राहून गेलं, कारण तेही गेले आता.

लोणावळ्याच्या कब्रस्तानात मधून सुबाभळीची रांग आहे. अलीकडे प्रोटेस्टंट, पलीकडे कॅथलिक. म्हणून तुम्ही अलीकडे, हे पलीकडे. फुलं घेऊन गेले की मी आधी कुणाकडे जायचं म्हणून रांगेत घुटमळते, येडीसारखी.

राहता राहिला तुमचा नातू. तो पिंपरीच्या एका फेलोशिपला, नव्या पद्धतीच्या प्रार्थनामंडळाला, जायला लागला. हॉल आहे, गिटार आहे, टाळ्या आहेत. वाईट काही नाही हो त्यात. दारू सुटली त्याची, घर सावरलं, सुनेचा चेहरा हसता झाला. मी कोण नावं ठेवणारी? हे गेल्यापासून तो रोज संध्याकाळी फोन करायचा आणि फोनवरच प्रार्थना करायचा, मनाची, लांबलचक. आपली पाठ असलेली प्रार्थना त्याला प्रार्थनाच वाटत नाही. पण त्याच्या आमेनला मी आमेन म्हणायची. घरात तेवढाच एक माणसाचा आवाज. एक दिवस म्हणाला, "आई, आमच्याकडे पाण्याचा बाप्तिस्मा आहे, झगे शिवून देशील?" मी आयुष्यभर शाळेत शिवण शिकवलं, मला काय अवघड! पांढरं कापड आणलं, आणि पाण्यात झगा फुगून वर येऊ नये म्हणून घोळात शिशाचे छोटे तुकडे घातले, पडद्याला घालतात तसे. सगळे शिवून झाल्यावर तो म्हणाला, "आता एक तुझ्या मापाचा." तेव्हा माझी ट्यूब पेटली, की त्याला मलाही नव्याने बाप्तिस्मा द्यायचाय.

शिवला मी. माझा एकुलता एक पोरगा आहे तो, त्याच्याशिवाय मला कोण आहे? त्यांनी लोणावळ्यात एक बंगला भाड्याने घेतला होता, पुण्या-मुंबईची पोरं शनिवार-रविवारी येऊन धिंगाणा घालतात तसला. मागे निळ्या फरशीची पोहण्याची टाकी, कडेला घसरगुंडी. पास्टर कमरेइतक्या पाण्यात उभे, एकेकाला पाठीवर झोपवून बुडवत होते, आणि वर आलेला माणूस रडत होता, हसत होता. खोटं कशाला बोलू, मलाही भरून आलं. बंगल्याचा राखणदार टाकवे गावचा, माझ्याच वयाचा. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मावशी, पानी लय गार हाय. तुमी बी उतरनार व्हय?"

"बघते," मी म्हटलं.

"कंबरंइतकंच हाय, भ्याचं काय न्हाई. पर मन न्हाई म्हनत आसंल तर नगा उतरू."

नंबर आला. मी झगा घालून पहिल्या पायरीवर पाय ठेवला. घोळ जड होऊन पायाला चिकटला, आणि मला ती वाटी दिसली. पाण्यात नाही हो, डोक्यात. खाली वाकलेले पाळकसाहेब, घाबरलेले तुम्ही. मी पाण्यात गेले असते तर त्याचा अर्थ एवढाच झाला असता की त्या दिवशी तुम्ही सायकल मारत आलात ते उगाच. मी पाय मागे घेतला. मुलगा ओल्या अंगाने धावत आला.

"काय झालं आई?"

"माझा झालाय रे बाळा."

"तो बाप्तिस्मा नव्हता गं. तान्ही होतीस तू, तुला काय कळत होतं?"

"मला नव्हतं कळत. माझ्या पपांना कळत होतं."

तो भांडला असता तर बरं झालं असतं. त्याचे डोळे भरले आणि म्हणाला, "मग वर गेल्यावर मी तुला शोधू कुठं?" पपा, त्याला सांगावंसं वाटलं, की तिथे एखादी पितळेची वाटी दिसते का बघ, मी तिच्याजवळच असेन. राखणदाराने खुर्ची आणून दिली, चहा दिला. मी ओल्या घोळाने बसून राहिले.

त्यानंतर मुलगा फोन करतो. गोळ्या घेतल्या का, गॅस आला का, सगळं विचारतो. प्रार्थना मात्र करत नाही. मीही कर म्हणत नाही. माझ्या मापाचा झगा मी उसवला, त्याचे दोन उशांचे अभ्रे झाले. एक वापरते, एक घडी करून ठेवला आहे.

हे पत्र कुठे टाकणार? देवाला सांगितलं असतं तर त्याने तुम्हाला सांगितलं असतं, पण मला या वेळी मध्ये कुणी नको होतं. एक गोष्ट तेवढी सांगते, रागावू नका. संध्याकाळी दिवा लावून मी आता एकटीच प्रार्थना म्हणते आणि शेवटची ओळ मी म्हणत नाही. हे थांबायचे तिथेच मी थांबते, आणि ती ओळ तुम्ही म्हणाल म्हणून वाट बघते.