दोन एक

३ डिसेंबर

आबांनी आज पुन्हा माझ्याकडेच बघून विचारलं, "पुनम कोठे शे?" म्हटलं, मीच की पुनम! डोक्यावरून हात फिरवत हसले. "तू बी?" — झालं! दोंडाईच्याहून त्यांना नि आईला पिंप्राळ्यात आणलं तेव्हा वाटलं होतं, लेक रोज समोर असली की विसरणार नाहीत. कसलं काय.

५ डिसेंबर

डॉक्टर म्हणाले, आवडीचं काही करून घ्या. आबांच्या आवडीचं म्हणजे गणितच, जन्मभर मास्तरकी केलेली. त्यांनीच मला शिकवलेला खेळ पाटीवर काढला — दिसेल ते वाचायचं, वाचलं ते खाली लिहायचं. १. काय दिसतं? एक एक — ११. मग? दोन एक — २१. मग एक दोन, एक एक — १२११. आबा थेट तिथवर आले! स्वयंपाकघरातून आई ओरडली, "दोनेक म्हंजे नेमकं कितलं, मास्तर?" किती दिवसांनी हसलो तिघं.

९ डिसेंबर

आज वर्गात शिकवावं तसं त्यांनीच सांगितलं — या ओळी लांबत जातात, पण वाटेल तशा नाही. पुढे पुढे प्रत्येक ओळ मागलीच्या साधारण १.३०३५ पट. सुरुवात कुठल्याही आकड्याने करा, स्थिरांक तोच. "फक्त बावीस सोडीसन. दोन दोन. ते वाढतच नई."

हे सगळं लख्ख आठवतं! दशांशसुद्धा पाठ, आणि सख्खी मुलगी तेवढी पुसली गेली. त्या आकड्याचा हेवा वाटला मला. खरंच वाटला. मी जेवले नाही.

१० डिसेंबर

आबा पाचव्या ओळीत अडकले. पाटी ढकलून दिली.

१४ डिसेंबर

आज आकडे सोडून घरातली माणसंच घेतली. आबा, बायको किती? "एक!" आई चक्क लाजली. पोरी किती? "दोन." म्हटलं, एक, आबा — तुम्ही खेळातली पुढची ओळ वाचताय, दोन एक. आवाज चढला, "दोन! दोन पोरी शेतस!" मी त्यांचं बोट धरून माझ्या छातीवर टेकवलं — एक. तर रडायलाच लागले. मग मीही.

आई गॅस बंद करून मागच्या ओट्यावर जाऊन बसली. तिलाही आता झेपत नसावं.

१५ डिसेंबर

सकाळी भाजी निवडताना आई मान खाली घालून म्हणाली, "मास्तर चुकनात नई. तुना पह्यले एक व्हती. चालाले लागनी, अन् गयी."

थोड्या वेळाने — "तिनं नाव बी पुनमच व्हतं."