गुलाबांचा गुच्छ घेऊन आलेला माणूस

आई,

मला पुरस्कार मिळाला. लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्यांना देतात, तो. सन्मानपत्रावर 'धाडसाबद्दल' असं छापलंय. तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण ते वाचल्यापासून तुझ्याशीच बोलावंसं वाटतंय, कारण मी फार घाबरले आहे.

एका कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीत गुदमरून मेलेल्या माणसाची केस मी लढते आहे. ठेकेदाराच्या मुकादमाने त्याला दोर न बांधताच खाली उतरवलं. हे पाहणारी एकटी त्याची बायको. ती नेमकी तेव्हा त्याचा डबा घेऊन गेली होती. पुरस्काराचा फोटो पेपरात आला, खाली 'प्रताप नगरच्या वकील' असं लिहून. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक माणूस उभा, हातात गुलाबांचा गुच्छ. चपला काढून आत आला, पाणी मागितलं. भिंतीवरच्या तुझ्या फोटोला त्याने हात जोडले. "आई का? चेहरा अगदी तुमचाच हाय." मग म्हणाला, "फोटू लय मस्त आला मॅडम. ठेकेदारसाहेबानं अभिनंदन सांगतलं. आमी कवापासून तुमचं घर ढुंढून राह्यलो होतो, पेपरवाल्यायनं काम सोपं केलं." गुच्छ टेबलावर ठेवून तो गेला. पाण्याला त्याने तोंडही लावलं नव्हतं. तक्रार द्यायला गेले, तर हवालदार म्हणाला, "मॅडम, फुलं देणं गुन्हा आहे का?"

त्या ठाण्याच्या बाकावर बसले आणि मला तुझा तो दिवस आठवला. तू यंत्रमागावरून तशीच उठून आली आहेस, केसांत सुताचे तंतू आहेत. शेजारच्या काकूला नवऱ्याने जाळायचा प्रयत्न केलाय आणि तिची तक्रार कोणी घेत नाही. माझं बोट धरून तू ठाण्याकडे निघतेस. फाटकाजवळ पोचल्यावर भिंतीआड जाऊन भडभडा ओकतेस. मी रडायला लागते. "रडून काहून राहिली वं? चाल, नळावर तोंड धू." माझं धुतेस, मग स्वतःचं, आणि पदर खोचून आत जातेस. तक्रार लिहून घेईपर्यंत तू तिथून हलली नाहीस. मी मात्र कितीतरी वर्षं समजत होते की त्या दिवशी डब्यातली भाजी विटली असेल.

साक्षीच्या आदल्या दिवशी मी शेअर ऑटोने कामठीला, टाकीत मेलेल्या माणसाच्या बायकोच्या घरी गेले. खरं सांगायचं तर, साक्ष पुढे ढकलू या, असं म्हणायला गेले होते. मी तोंड उघडायच्या आत तिनेच विचारलं, "ताई, तो तुमच्याकडं बी आलता का? माह्या घरी मिठाई घिऊन आलता. म्हने, लेकरं लहान हायेत, जपून राहा."

"मग?"

"मग काय. लेकरायनं खाल्ली मिठाई. मले नाही गेली." आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "उद्या तुमी येऊन राहिल्या ना?"

मी "हो" म्हणाले.

कोर्टात तिचा आवाज दोनदा फाटला. मी टेबलाखाली गाऊनचं टोक मुठीत आवळून धरलं होतं. पण तिने मुकादमाकडे बोट दाखवलं. "ह्यानंच म्हटलं, उतर, नाही तं उद्यापासून येऊ नको. दोर मांगतला तं हा हसला." न्यायाधीशांनी ते शब्द जसेच्या तसे नोंदवून घेतले. बाहेर व्हरांड्यात गुच्छवाला उभा होता. जुनी ओळख असल्यासारखी त्याने मान हलवली. तिने माझा हात घट्ट धरला. कोण कोणाला धीर देत होतं, ते मला कळलं नाही.

निकाल लागायचा आहे. ती आता लेकरांना घेऊन भावाकडे राहते. माझ्याकडे लोक येतात, सन्मानचिन्ह हातात घेऊन बघतात, माझ्या धाडसाचं कौतुक करतात. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुला सांगते: कोर्टातून आले त्याच दिवशी मी दारावरची माझ्या नावाची पाटी काढून ठेवली. कोणी विचारलं तर म्हणते, दाराला रंग द्यायचा आहे. रंगाऱ्याला मी अजून बोलावलेलं नाही.